इनास मुकादमाची बसायची जागा

बसा. पाय लांब करून बसा, कुणी काही म्हणत नाही. दिवसभर राबलेल्या माणसानं ही गोष्ट बसूनच ऐकायची असते.

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्याच्या आज्यालाही दुधाचे दात यायचे होते तेव्हा, वसईच्या अंगाला खारभाट नावाचं गाव होतं. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं, आणि मधे मातीचा लांबलचक बांध. गावाचं सगळं नशीब त्या बांधावर. बांध उभा तर ताटात भात. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि एकदा खारं पाणी शिरलं की जमीन रुसते, ती वर्षानुवर्षं बोलत नाही. आणि बांधाला वैरी कोण, तर चिंबोरी, म्हणजे खेकडा! एवढीशी चिंबोरी, पण ती बीळ पाडते, बिळातून पाणी झिरपतं, आणि उधाणाची भरती आली की बोटाएवढ्या भोकाचं भगदाड होतं.

त्या गावचा मुकादम होता इनास. मुकादम म्हणजे गावकीचा म्होरक्या. बांधाचं काम त्यानं नेमायचं, भांडणं त्यानं मिटवायची, आणि देवळाच्या मिरवणुकीत क्रुसामागं पहिला त्यानं चालायचं. देऊळ म्हणजे चर्च हो, तिकडं चर्चला देऊळच म्हणतात. बाप गेल्यावर मुकादमाची काठी इनासच्या हातात आली तेव्हा तो ऐन तरणा होता. अंगानं धिप्पाड, आवाज असा की एक हाक मारली तर खाडीपलीकडची गुरं मागं वळून बघायची.

देवाचं त्याला वेड होतं, नाही असं नाही. पण त्याची सगळी भक्ती दुसऱ्यांना शिस्त लावण्यात खर्ची पडायची. मिस्साला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, कोण उशिरा आलं, रोझरीची माळ जपताना कोण पेंगलं, सगळं इनासच्या डोळ्यात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसायचं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काही दिसत नव्हतं. लोक त्याला भ्यायचे. त्याला वाटायचं, मान देतात.

आता आगेरा. आगेरा म्हणजे नव्या भाताचा सण. ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी भाताची पहिली पेंढी कापायची, मुकादमानं ती दोन्ही हातांत धरायची, वाजतगाजत देवळात न्यायची. पाद्री तिला आशीर्वाद देतो, मग एकेक ओंबी घरोघर दाराला लागते. एका वर्षी इनासनं फर्मान काढलं की आगेऱ्याच्या दिवशी गावात कुणी मातीला हात लावायचा नाही. देवाचा दिवस म्हणजे देवाचा दिवस! बांधावरच्या राखणदारालासुद्धा त्यानं धुवट कपडे घालून मिरवणुकीत आणून उभं केलं.

नेमकी त्याच दिवशी पुनवेची भरती होती, भरदुपारची.

मिरवणूक देवळाच्या पायरीशी आली आणि समोरून रेमेतबाय आली. रेमेतबाय विधवा होती, तिचा शेताचा पट्टा बांधाला अगदी लागून. सगळ्या बायका नव्या लुगड्यांत, आणि ही कोपरापर्यंत चिखलानं भरलेली.

"मुकादम, उघाडीजवळ बीळ पडलंय," ती म्हणाली. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, पाणी सोडायचं. "मी ढेकळं लावली, राहत नाहीत. चार माणसं द्या."

वाजंत्री थांबली. सगळा गाव बघत होता. इनासला बीळ ऐकूच आलं नाही, त्याला फक्त चिखल दिसला.

"रविवारी चिखल तुडवतेस आणि तशीच देवापुढं येतेस? लाज नाही वाटत? हो बाजूला!"

रेमेतबाय बाजूला झाली. तिनं आपल्या हातांकडं बघितलं, पदराला पुसले, आणि आली तशी एकटीच परत गेली. चार माणसं द्यायला किती वेळ लागला असता? पण मुकादमापुढं बोलणार कोण!

आत पाद्र्यानं पेंढी वेदीवर ठेवली आणि बाहेर बांध फुटला. लोक धावत गेले तेव्हा उभ्या भातावरून खाडी चालली होती. रेमेतबाय तिवराच्या झाडाला धरून होती, म्हणून वाचली. पण तिचा उजवा हात असा काही दुखावला की पुढं जन्मभर खांद्याच्या वर गेला नाही. त्या वर्षी खारभाटात पिकलेलं भात म्हणजे देवळातली ती एक पेंढी. असं म्हणतात की इनासनं त्या पेंढीकडं बघितलं आणि त्याला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं.

तो गेला पाद्र्याकडं. पाद्री म्हातारा होता, चार गावांची देवळं सांभाळून पार थकलेला. इनासनं गुडघे टेकून पाप कबूल केलं आणि मुकादमाची काठी त्याच्यापुढं ठेवली.

"ही घ्या. मी या लायकीचा नाही. दुसऱ्या कुणाला द्या."

पाद्र्यानं काठीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "काठी टाकणं फार सोपं आहे बाबा. मलाही रोज वाटतं, हा झगा खुंटीला अडकवावा आणि झोपून राहावं. तुझं प्रायश्चित्त हेच, की काठी टाकायची नाही. रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की बांधावर जायचं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. बीळ दिसलं की एक ढेकूळ लावायचं, नमो मारियाची एक प्रार्थना म्हणायची. आणि चालताना आठवायचं, आज मी कुणावर ओरडलो. ज्याच्यावर ओरडलास त्याच्या दारात जाऊन बसायचं, मगच घरी जेवायचं."

"किती दिवस?"

"आजच्यापुरतं," पाद्री म्हणाला. "उद्याचं उद्या विचार."

दुसऱ्या दिवशी इनास विचारायला गेला तर पाद्री पुन्हा म्हणाला, आजच्यापुरतं. तिसऱ्या दिवशी तेच. मग इनासनं विचारायचं सोडलं. आता तुम्ही म्हणाल, पाद्र्याजवळ कबूल केलेलं गावाला कसं कळलं? पाद्र्यानं नाही हो सांगितलं. इनासच दारोदार सांगत फिरला, कारण दारोदार जाऊन बसावं लागत होतं त्याला.

पहिलं दार रेमेतबायचं. तो ओटीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "रेमेतबाय, माफ कर."

"माफी काय शिजवून खाऊ?" ती आतूनच म्हणाली. "बांध बघा, मुकादम."

बरोबरच होतं तिचं. तिच्या चुलीवर त्या वर्षी भात नव्हता.

मग तो बांध बघू लागला. आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचा कंटाळा यायचा. संत माणसाच्या गोष्टीत असं सांगत नाहीत, पण खारभाटची माणसं सांगतात. दिवसभर शेतात कंबर मोडायची, आणि घरी पाठ टेकावी म्हटलं की घंटा व्हायची. बायको पावलीन म्हणायची, "अहो, आज तरी राहू द्या. पाय बघा किती सुजलेत." त्यालाही वाटायचं, राहू द्यावं. दारात उभा राहून तो आभाळाकडं बघायचा, "देवा, आज सुट्टी दे की रे!" म्हणायचा. मग इनास आपल्याशीच म्हणायचा, "बरं, आजच्यापुरतं," आणि चालू लागायचा.

असं करत गेला. किती वर्षं, ते कुणी मोजलं नाही. पावसानं हळूहळू जमिनीतलं मीठ धुऊन नेलं. आधी कडेला गवत आलं, मग बारीक भात आलं, मग पोटभर आलं. आणि इनासचंही तसंच काहीसं झालं. सुरुवातीला रोज संध्याकाळी त्याला पाच-सहा दारं करावी लागायची, जेवायला अंधार पडायचा. भूक मोठी गुरू असते बाबांनो! ओरडायला तोंड उघडलं की त्याला संध्याकाळची पायपीट आठवायची, आणि तोंड मिटायचं. पुढं पुढं पायपीट आठवायचीही गरज राहिली नाही. समोरचा काय बोलतो ते पुरतं ऐकून घ्यायचं, ही त्याला सवयच लागली. मग लोकच बांधावर त्याच्याबरोबर चालू लागले. कुणाचं सासुरवाशीण लेकीचं दुःख, कुणाची भावाभावांतली वाटणी, चालता चालता सांगायचं आणि जाता जाता एक ढेकूळ लावायचं. असं म्हणतात की त्याची चाहूल लागली की चिंबोऱ्या आपणहून बिळं सोडून खाडीत जायच्या. आता चिंबोरी कुणाचं ऐकते का? पण असं म्हणतात.

रेमेतबायच्या ओटीवर मात्र तो रोज बसायचा, ओरडला असो वा नसो. ती आतच आपलं काम करत राहायची. एका संध्याकाळी तिनं तांब्याभर पाणी आणून त्याच्याजवळ ठेवलं, डाव्या हातानं. इनास ते पाणी प्यायला आणि घरी जाऊन लहान पोरासारखा रडला. पावलीननं विचारलं काय झालं, तर म्हणाला, "काही नाही गं, पाणी मिळालं."

इनास म्हातारा झाला. गुडघे गेले, आवाज गेला. काठी आता खरीच टेकायला लागायची. जुना पाद्री केव्हाच मातीआड झाला होता, नवा आला होता. आणि एका वर्षी पुन्हा आगेऱ्याच्याच रविवारी पुनव आली. वारा सकाळपासून खाडीकडून सुटलेला. बांधाची राखण त्या दिवशी कोण करणार म्हटल्यावर म्हातारी रेमेतबायच म्हणाली, "मी बसते. मला मिरवणुकीची हौस नाही."

मिरवणूक देवळाच्या पायरीशी आली. इनासच्या हातात पेंढी. आणि समोरून रेमेतबाय आली, वाकलेली, डाव्या हाताला कोपरापर्यंत चिखल.

वाजंत्री थांबली. गावातल्या जुन्या माणसांना ती दुपार आठवली. रेमेतबायनं अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"कुठं?" इनासनं विचारलं.

"उघाडीजवळ. तिथंच."

त्यानं पेंढी तिच्या चिखलाच्या हातात दिली. "ही धर," म्हणाला आणि वळला. क्रूस घेतलेला माणूस त्याच्यामागं वळला, वाजंत्री वळली, नवी लुगडी, लाल टोप्या, झगा खोचून पाद्री, सगळी मिरवणूक देवळाच्या दारातून माघारी फिरली आणि बांधावर गेली. आगेऱ्याच्या दिवशी, देवाच्या दिवशी, सगळा गाव चिखलात उतरला.

पण ढेकळं राहीनात. लावलं की पाणी ओढून न्यायचं. मग इनास खाली उतरला आणि त्या भगदाडातच बसला, पाण्याकडं पाठ करून. "माझ्या भोवती लावा," म्हणाला. हातोहात ढेकळं चालली, एकेका ढेकळाला एकेक नमो मारिया. भरती चढतच होती. असं म्हणतात की पाणी बांधाच्या वर हातभर चढलं आणि तिथंच उभं राहिलं, भिंतीसारखं. आत एक थेंब पडला नाही. माशांची तोंडं दिसत होती म्हणे पलीकडं! खोटं वाटतं? वाटू दे. त्या वर्षी भात पिकलं, हे तर खरं ना.

मग ओहोटी लागली. बांध राहिला होता. लोक आनंदानं एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि कुणीतरी इनासला हाक मारली, "मुकादम, उठा. मिस्सा राहिलीय."

इनासनं वर बघितलं. "जरा बसू द्या रे," तो म्हणाला. "दमलोय."

इतक्या वर्षांत हे तो देवाशी आणि बायकोशीच बोलला होता, गावापुढं कधी नाही. दोघं जण त्याच्या काखेत हात घालायला पुढं झाले. तेवढ्यात रेमेतबाय पुढं आली, पेंढी छातीशी धरलेली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "बसू दे त्याला."

मग कुणी हात लावला नाही. पाद्र्यानं तिथंच बांधावर मिस्सा केली, पेंढीला आशीर्वाद दिला. रेमेतबायनं पहिली ओंबी काढून इनासच्या मांडीवर ठेवली तेव्हा कळलं की तो बसल्या बसल्याच देवाघरी गेलाय. ती त्याच्याजवळ चिखलात बसली आणि पदर डोळ्याला लावून हमसून हमसून रडली.

खारभाटात अजून आगेऱ्याची मिरवणूक आधी बांधावर जाते. नवे कपडे घालून सगळे जण एकेक ढेकूळ लावतात, आणि मुकादम हात न धुता पेंढी उचलतो. स्वच्छ हातांच्या मुकादमाकडून पाद्री पेंढी घेतच नाही. नवा मुकादम नेमताना त्याला जन्मभराचं वचन मागत नाहीत. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई काठी पुढं करते आणि विचारते, "आजच्यापुरतं?" तो म्हणतो, "आजच्यापुरतं." एवढंच.

आणि उघाडीजवळ, इनास बसला होता तिथं, बांधाला थोडा खोलगट भाग आहे. कितीही पाऊस पडो, तिथली माती खचत नाही असं म्हणतात. शेतावरून येणारं जाणारं कुणीही तिथं टेकतं. कामाची कितीही घाई असो, बोलावणारा कितीही मोठा असो, त्या जागी बसलेल्या माणसाला खारभाटात कुणी ऊठ म्हणत नाही.