नवे शॉक आणि डिकीतली स्टेपनी

गाडी पांढरी होती की फिकट पिवळी, हे आता मला खात्रीने सांगता येत नाही. गाड्या आपसात बोलत असत त्या काळातली ही गोष्ट. मिरजेच्या धवळीकर सरांनी आपली जुनी छोटी गाडी विकायला काढली आणि भाव वाढावा म्हणून तिला चार नवे शॉकअब्सॉर्बर बसवले.

"आता बघ, आमच्यामुळे तुझा भाव कसा चढतो!" नवे शॉक गाडीला म्हणाले.

डिकीतली स्टेपनी हसली. "गिऱ्हाईक पत्रा ठोकून बघतं, रंग बघतं. तुमच्यासाठी खाली कोण वाकतंय?"

गाडीला चैन पडेना. कोणी घेतली नाही, तर भंगारवाला टपलेलाच होता.

पहिलं गिऱ्हाईक तर शॉक बघूनच दचकलं. "नवे घातलेत? म्हणजे गाडी कुठंतरी जोरात आपटलीय, सर." आणि ते निघून गेलं.

मग इंगवले आले, सोबत कंबरदुखीने बेजार झालेली आई. तिला मागे बसवून त्यांनी खड्ड्यांच्या रस्त्यावर एक फेरी मारली. उतरताना म्हातारी म्हणाली, "हीच घे रं बाबा. कंबर एकदाबी कळवळली न्हाई."

भाव मात्र तेवढ्या जुन्या गाडीला मिळतो तेवढाच मिळाला.

"मग आमचं मोल काय?" शॉक हिरमुसून म्हणाले.

बऱ्याच वर्षांनी मी इंगवल्यांना विचारून खात्री करून घेतली. आई होती तोवर, म्हणजे पुढची अकरा वर्षं, त्यांनी ती गाडी विकायला काढलीच नव्हती.