फिरवलेलं पोतं

"पण बाबा, ही रानमांजर म्हणायची, की घरातली? एकदा काय ते सांगा ना."

भिवाबाबा मठाच्या पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोन सांगनार? मी?"

"तुम्हीच. गुरू तुम्ही."

"मला वाटलं मांजरीला इचारायचं आसंल."

मुरलीधर हसला. गुरूंच्या थट्टेला हसायचं असतं, एवढं त्याला इतक्या वर्षांत चांगलं जमलं होतं.

मुरलीधर नदीपलीकडच्या गावचा. घरचा बरा, बोलायला त्याहून बरा. भिवाबाबांचा अनुग्रह घेतल्यापासून तो गावात प्रवचनं करायचा आणि त्याचा हातखंडा विषय होता भूतदया. मुंगीची गोष्ट सांगायला लागला की बायका डोळ्यांना पदर लावत. आपल्याला ऐकून लोक रडतात याचा त्याला मनातून फार आनंद होता. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःचं बोलणं ऐकत बसायची त्याला सवय लागली होती.

आज तो एकटा आला नव्हता. धाकट्या भावाला, श्रीपतीला, घेऊन आला होता. श्रीपती अंगणातल्या चिंचेखाली जाऊन बसला होता, पडवीकडे पाठ करून. मुरलीधरच्या पायाशी खताचं रिकामं झालेलं एक पोतं होतं. त्यात श्रीपतीचे दोन सदरे, एक वाकळ आणि त्याचं जर्मलचं ताट होतं.

"श्रीपती आता इथंच राहील म्हणतो, बाबा. तुमच्या सेवेला," आल्या आल्या मुरलीधर म्हणाला होता.

"त्यो म्हनतो?"

"...मी म्हणतो."

बाबांनी हो म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं नव्हतं. शेंगांची पाटी पुढे ओढली होती.

खरं कारण वेगळंच होतं. परवा मुरलीधरच्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. घरात असा भाऊ दिसला तर सोयरीक मोडेल, ही त्याची धास्ती. आई गेल्यापासून श्रीपती बिनसला होता. आधी बोलेनासा झाला, मग रात्री ओरडायला लागला. मुरलीधरने त्याला गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. ताट दाराखालून आत सरकवायचं, रिकामं झालं की काठीने बाहेर ओढायचं. आता तो कुणाला अंगाला हात लावू देत नसे. यातलं मुरलीधरने बाबांना काही सांगितलं नव्हतं.

बाबा काहीच बोलेनात, तेव्हा वेळ काढायला म्हणून मुरलीधरने आपल्या वाट्याच्या दुधातलं थोडं वाटीत ओतून दगडी गडग्यावर बसलेल्या करड्या मांजरीपुढे ठेवलं होतं आणि तिला कुरवाळायला हात पुढे केला होता. मांजरी फिसकारून लाकडांच्या ढिगाखाली शिरली. गुरूंच्या देखत भूतदयेची अशी फजिती झाल्यावर तिच्या जातीची चौकशी करणं त्याला भाग होतं.

"ही रानटीच, बाबा," तो म्हणाला. "काही जीव असेच असतात. कितीही माया करा, ते माणसाळत नाहीत. त्यांना त्यांच्या जागी सोडून देणं, हीसुद्धा दयाच."

बोलता बोलता त्याने चिंचेकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

"रानमांजर बघितलीस का कधी?"

"नाही."

"मी हितं म्हातारा झालो, एकदाच बघितली. पल्याडच्या डोंगरात. तिची आई रानातली, आजी रानातली. तिला मानसाचं देनं न्हाई, घेनं न्हाई. ती फिसकारत बी न्हाई. बघून निघून जाती."

"मग ही?"

"ही रानटी न्हवं. ही रानभरी. घरचं जनावर रानाला लागलं की त्याला रानभरी म्हनत्यात."

"म्हणजे घर सोडून गेली."

"गेली?"

"मग?"

"न्हेली."

बाबांनी मूठभर दाणे निवडून सुपात टाकले.

"हितं मांजरं येत न्हाईत, मुरलीधर. पोती येत्यात."

मुरलीधरला हे ठाऊक होतं. त्या भागात सगळ्यांनाच ठाऊक होतं. नको झालेली मांजर कुणी मारत नाही, पाप लागतं. तिला पोत्यात घालायचं, तोंड आवळायचं आणि नदी ओलांडून मठाच्या आवारात सोडून द्यायचं. मठात काय, उष्टं-खरकटं मिळतंच. पाप नाही की काही नाही.

"ही चुलीपाशी वाढलेली," बाबा म्हणाले. "पिल्लू आसताना मानसाचा हात लागला की मांजर हाताची व्हती. ही बी व्हती. मग एक दिस हात आला तो पोतं घिऊन आला. आता कुनाचा बी हात आला, की हिला पोतं दिसतं. तू दूध ठेवलंस, तिला काय ठावं."

"पण हात विसरली कशी?"

"इसरली न्हाई. हाताची वाट बघायचं सोडलं तिनं."

पुढच्या प्रवचनाला हे वाक्य चांगलं आहे, असं मुरलीधरच्या मनात येऊन गेलं.

"एक सांग," बाबा म्हणाले. "पोत्यात घातली, तोंड आवळलं. सोडायच्या आधी अजून काय करत्यात?"

"पोतं फिरवतात," मुरलीधर म्हणाला. प्रश्न सोपा निघाल्याने त्याला बरं वाटलं. "डोक्याभोवती गरगर फिरवतात. आमचे वडीलही फिरवायचे."

"कशाला?"

"मांजरीला दिशा कळू नये म्हणून. नाहीतर परत येते."

"कुठं?"

"घरी."

"कुनाच्या?"

मुरलीधरने उपरणं हातावर ओढून घेतलं.

"रानातलं जनावर रानात सोडायचं, तर पोतं फिरवावं लागतं का रं?"

"...नाही."

"म्हंजी जो फिरवतो, त्याला ठावं आसतं."

पडवीत शेंग फुटल्याचा आवाज झाला. लाकडांच्या ढिगाखाली मांजरीचे डोळे दिसत होते. ती बाहेर आली नाही.

"हाताला काय झालं?" बाबांनी विचारलं.

मुरलीधरच्या उजव्या हाताला पट्टी होती. ती त्याने मठात आल्यापासून उपरण्याखाली ठेवली होती.

"गुरं बांधताना लागलं."

"कंचं जनावर?"

"...खोंड."

"बरं."

बाबांनी पाटीतल्या शेंगा हलवल्या. खालची माती गाळून बाजूला केली. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"आज धोतर पिळलं न्हाईस," ते म्हणाले.

मुरलीधरला कळलं नाही.

"एरवी येतोस तवा पायरीवर हुभा ऱ्हाऊन आधी धोतर पिळतोस. नदीच्या उतारानं येतोस, गुडघाभर पान्यातनं. माझ्या पायरीवर तुझ्या पान्याचं शेवाळ धरलंय. आज धोतर कोरडं हाय."

मुरलीधरने खाली पाहिलं. धोतर कोरडं होतं, वर तांबडी धूळ बसलेली.

त्याचं गाव म्हणजे नदी ओलांडली की समोरच्या टेकडीमागे. पायी निघालं तर न्याहारी करून निघालेला माणूस ताक घुसळायच्या आत मठात. आज मात्र मुरलीधर श्रीपतीला घेऊन पहाटे निघाला होता. वडापच्या जीपने तालुक्याला. तिथून दुसऱ्या जीपने घाट चढून वर. मग भलत्याच गावाला उतरून, मोठ्या पुलावरून वळसा घालून, ट्रॅक्टरच्या मागे बसून मठाच्या मागच्या अंगाने तो उन्हं चढल्यावर पोचला होता. वाटेत श्रीपतीने एकदा मान वळवली, तर त्याने त्याच्या डोक्यावर उपरणं टाकलं. ऊन लागेल म्हणून, असं त्याने जीपवाल्याला सांगितलं होतं.

स्वतःलाही त्याने तेच सांगितलं होतं.

"उताराला... पाणी असेल म्हणून..." मुरलीधर म्हणाला.

बाबा गप्प.

"श्रीपतीला पाण्याची भीती वाटते म्हणून..."

बाबा गप्प.

सबंध गावासमोर तासन्तास बोलणाऱ्या माणसाला एक तिसरं कारण सुचेना. त्याला वाटलं, बाबांनी दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे सुटलो. बाबा शिव्या देणार नव्हते.

"त्याचं तोंड कुनीकडं हाय बघ," बाबा म्हणाले.

मुरलीधरने पाहिलं. आल्यापासून त्याला वाटत होतं, श्रीपतीने आपल्यावर रागावून पाठ केली आहे. त्याचा राग पडवीवर नव्हताच. तो नदीकडे तोंड करून बसला होता. नदीपलीकडे ती टेकडी होती. इथून घर दिसत नव्हतं, गोठा दिसत नव्हता, धूरसुद्धा दिसत नव्हता.

एवढा फिरवून आणला, तरी तो बरोबर घराकडे तोंड करून बसला होता.

मुरलीधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पट्टीचा हात उपरण्याखालून काढला आणि मांडीवर ठेवला. त्याची प्रवचनाची भाषा कुठल्या कुठे गेली.

"खोंड न्हवता, बाबा."

"हूं."

"त्यो चावला. मी दावं घिऊन गेलतो. पाव्हनं येनार हायती परवा... म्हटलं, बांधून न्ह्यावा लागला तर..." त्याने पट्टीकडे पाहिलं. "लहानपनी ह्या हाताला धरून त्यो साळंत जायचा. सोडायचाच न्हाई. मास्तर वरडायचा, तरी सोडायचा न्हाई."

बाबांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि ते मुरलीधरला अधिकच लागलं.

"लोकास्नी सांगनार हुतो," तो म्हणाला, "भाऊ गुरूच्या सेवंला दिला. लोक मलाच हात जोडतील, आसं सुदिक मनात आलं, बाबा. खोटं कशाला बोलू."

"आता न्हाई बोललास."

मुरलीधर उठला आणि अंगण ओलांडून चिंचेकडे गेला. मठात झाडलोट करणारी एक बाई कोपऱ्यातून बघत होती. तिने मान फिरवून घेतली, तेही त्याला दिसलं.

श्रीपतीपासून चार हातांवर तो थांबला. श्रीपतीने गुडघे छातीशी ओढून घेतले. त्याला पावलांचा आवाज ओळखू आला होता.

"श्रीपा..."

आई त्याला या नावाने हाक मारायची. आई गेल्यावर हे नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. भावाच्या नावालासुद्धा कडी आपणच घातली होती, हे मुरलीधरला त्या क्षणी कळलं आणि त्याला हुंदका आला.

श्रीपतीने वळून पाहिलं नाही.

मुरलीधर तिथेच मातीत बसला. हात पुढे करावासा वाटला, पण त्याने दोन्ही हात आपल्याच काखेत धरले. दोघेही नदीकडे बघत राहिले. पाण्यावर एक बगळा आला, उभा राहिला, उडून गेला.

"पानी कमी हाय," श्रीपती म्हणाला.

मुरलीधरने दचकून पाहिलं. गेल्या दिवाळीपासून भावाचा नुसता ओरडा त्याने ऐकला होता, शब्द ऐकला नव्हता.

"कुठं?" त्याने विचारलं.

"उताराला."

एवढं बोलून श्रीपती उठला. अंगावरची माती झटकली आणि नदीच्या पायवाटेने चालायला लागला. वाट कुठे आहे, हे त्याने कुणाला विचारलं नाही. भाऊ मागून येतो का, हेही पाहिलं नाही.

मुरलीधर रडत होता. रडत रडतच तो पडवीकडे धावला, बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि घाईघाईने ते पोतं उचलून खांद्यावर टाकलं.

"बाबा, न्हेतो त्याला. पाव्हन्यांचं बघू काय हुईल ते. म्होरच्या ओसरीत त्याची वाकळ टाकतो, सगळ्यांच्या देखत." पायरीवर तो थबकला. "पर बाबा... त्यो मला आता हात लावू दील का?"

लाकडांच्या ढिगाखालून करडी मांजरी बाहेर आली होती. वाटीतलं दूध ती पीत होती. मुरलीधरची सावली पडताच ती मागे सरली आणि त्याच्या खांद्यावरच्या ओझ्याकडे बघत उभी राहिली.

भिवाबाबांनी पाटी बाजूला सारली.

"कापडं काढून त्याच्या हातात दे," ते म्हणाले. "पोतं हितंच ठेव."