खांबावरची चौदा वर्षं

सांगा बरं मंडळी, भरवसा कोणावर ठेवाल? राजमुद्रा उमटलेल्या हुकमावर, की मातीखाली मुळं चोखत पडलेल्या किड्यावर? लगेच सांगू नका. ऐसपैस बसा, सुपारी कातरा, आणि आधी ऐकून घ्या.

एका राज्यात वर्षं मोजायला काळ्या दगडाचा खांब होता. साल सरलं की राजा स्वतःच्या हातानं त्यावर एक खाच पाडी. रीत मात्र अशी, की साल अशुभ गेलं तर खाच पडत नसे. राजा खांबापाशी उभा राहून ‘झालंच नाही’ म्हणे, आणि दवंडी फिरे, ‘ऐका हो ऐका, सरलेलं साल झालंच नाही!’ लोक माना डोलावत. चाळिशीतल्या बाया तर खूश, बसल्या जागी एक वर्ष उतरलं. एका कासाराची लेक नेमकी अशाच सालात जन्मली. तिचं वय कोणाला मांडता येईना. स्थळं यायची, वय विचारायची, चहापाणी करून उठून जायची. शेवटी ‘बिनसालची’ हेच तिचं नाव पडलं. लोक हसत. तेव्हा हसायला येई.

त्याच राज्यात जमिनीखाली एक किडा राही. त्याला म्हणत सतरसाली. सोळा वर्षं अंधारात मुळांचा रस पिई. सतराव्या वैशाखात माती कोमट झाली, की लाखांनी मिळून वर येत. झाडावर चढत, पाठीवर उलत, जुनं कातडं तिथंच सोडून पांढरेफटक बाहेर पडत. घटकाभरात अंग काळं, डोळे लाल. मग एकवीस दिवस गाणं. गाणं कसलं, सगळं आभाळ तापल्या तव्यावर तडतडतंय असा आवाज. बाविसाव्या दिवशी झाडाखाली मेलेल्यांचे ढीग. त्यांना ना खांब ठाऊक, ना दवंडी.

राजा उदयकेतू गादीवर नवा होता, तेव्हाची गोष्ट. वैशाखात सतरसाली वर आले, आणि राजबागेतल्या जुन्या करंजाखाली त्यांच्या भोकांतून पिवळी चमक दिसली. राजानं खणलं. सोन्याचा हंडा निघाला. तो होता कुहूर मांत्रिकाचा.

मांत्रिक म्हणाला, “तू माझ्या मुळाला हात घातलास. मी तुझ्या राज्याच्या मुळाला घालतो.”

बागेत सात मुलं खेळत होती. पाण्यात उतरावीत तशी ती उभ्याउभ्या मातीत उतरली.

“किड्यांबरोबर राहतील, किड्यांबरोबर वर येतील,” मांत्रिक म्हणाला. “कातडं टाकताना कोणी नावानं हाक मारली तर माणसं होतील. हाक चुकली, तर एकवीस दिवस गातील आणि मरतील.”

राजानं हंडा परत केला नाही. पण त्याला तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून त्यानं ते सालच खोडलं.

सातांतली एक होती हौसा माळणीची शेवंता. वय वर्षं सहा.

तुम्ही म्हणाल, आईनं स्वतः वर्षं मोजली नाहीत? मोजली की. चुलीमागच्या भिंतीवर काजळीच्या रेघा ओढल्या. पण दवंडी झाली तशी तिनं पहिली रेघ ओल्या फडक्यानं पुसली. पुढे दुष्काळ पडला, तेही साल खोडलं गेलं, हौसानं दुसरी पुसली. मग महामारी आली. बाकीच्या सहा मुलांची घरंच्या घरं बसली. मरताना एकेक आई हौसाला सांगून गेली, “आमच्यालाही हाक मार गं, हौसा.” ते सालही झालं नाही असं ठरलं. हौसानं तिसरी रेघ पुसली. राजा मोठा माणूस, त्याला जास्त कळत असेल, असं तिला वाटलं. तेवढंच वाटलं, आणि तेवढ्यात सगळं गेलं.

त्या वैशाखानंतर खांबावर चौदा खाचा पडल्या होत्या तेव्हा हौसा भाचीच्या लग्नाला माहेरी गेली. वाट तीन दिवसांची. मांडवात अक्षता पडत होत्या आणि तिच्या पायाखालची माती हलली. बोटाएवढी भोकं पडली. भोकांतून किडे निघाले आणि मांडवाचे खांब चढू लागले.

लग्नाला आलेला एक तेली म्हणाला, “वहिनी, घाबरू नका. हे दुसरेच कसले तरी असणार. सतरसाल्यांना अजून तीन वर्षं आहेत. खांबावर चौदा खाचा आहेत, मी स्वतः मोजल्यात.”

“दादा, मीही मोजल्यात,” हौसा म्हणाली, आणि चप्पल न घालता निघाली.

तीन दिवसांनी ती करंजाखाली पोचली. खोडावर लाखो रिकामी कातडी. त्यांत सात वीतभर लांबीची, माणसाच्या मुलांची. पाठीवर उललेली, आत काही नाही. वर फांद्यांत गाणं चाललं होतं. त्यातलं आपलं कोणतं, ते तिला ओळखू येईना. तिनं सात नावं घेऊन हाका मारल्या. घसा बसेपर्यंत मारल्या. कोणी खाली आलं नाही.

फांदीवर एक साळुंकी बसली होती. किडे खाऊन खाऊन तिला उडवत नव्हतं.

“माळणी, उगाच ओरडू नको,” साळुंकी म्हणाली. “वेळ टळली.”

“माझी शेवंता खाल्लीस का गं तू?”

“वीतभर लांबीचे आम्ही खात नाही. त्यांना माणसांचा वास येतो. रडायचं असेल तर इथं रड. काही करायचं असेल तर कुहूरकडे जा.”

हौसा मांत्रिकाच्या भुयारात गेली. मांत्रिक सूप घेऊन किड्यांचे पंख पाखडत होता.

“किड्यांबरोबर वर येतील म्हटलं होतं,” तो म्हणाला. “किड्यांची सतरा वर्षं भरली. तुमच्या राजानं तीन खोडली, त्याला मी काय करू?”

“खोडली त्यानं. पुसली मी,” हौसा म्हणाली. “उपाय सांगा.”

“खोडलेली सालं कुठं जात नाहीत, पडून राहतात. तिन्ही शोधून आण. राजाच्या हातानं खांबावर चढव. मोजणी खरी झाली, की टळलेली वेळ एकदा परत येईल. पण साल उचलेल त्याला काहीतरी सोडावं लागतं.”

“काय?”

“ते ज्याच्या-त्याच्या नशिबानं.”

दुष्काळाचं साल एका कोरड्या विहिरीच्या तळाशी होतं. भेगाळलेल्या चिखलाची ताटाएवढी ढेप. तिच्यावर एक सुकलेला बेडूक बसला होता. तो म्हणाला, “या साली लोक पाण्यामागं चालून चालून मेले. पायातलं बळ ठेव आणि घेऊन जा.” हौसानं ठेवलं. त्या दिवसापासून ती काठी टेकत, पाय ओढत चालू लागली. आधी घटकेत संपे त्या वाटेला आता प्रहर लागे. आणि दिवस तर मोजकेच होते.

महामारीचं साल मसणवटीत होतं. राखेचं एक गाठोडं. राखण करायला म्हातारं गिधाड.

“त्या साली मी इतकं रडणं ऐकलं, की माझे कान गेले,” गिधाड म्हणालं. “तुझे दे.”

हौसा म्हणाली, “जरा थांबता का, बाबा?”

ती वळली. तोंड नगराकडे केलं. दुरून करंजाचं गाणं ऐकू येत होतं, आता पूर्वीपेक्षा विरळ. त्या लाखांतला एक आवाज तिला वेगळा काढायचा होता. वाणसामानातून जिरं निवडावं तसा तिनं तो खूप निवडला. सापडला नाही. मग तिनं कान दिले, आणि जग पेंढा भरल्यासारखं गप्प झालं.

एकविसावा दिवस उजाडला तेव्हा ती राजवाड्यात पोचली. राजा उदयकेतू सिंहासनावर होता, पण एकवीस दिवस त्याचा डोळा लागला नव्हता. हौसानं चिखलाची ढेप त्याच्या मांडीवर ठेवली. राखेचं गाठोडं वर ठेवलं.

“महाराज, तिसरं तुमच्यापाशी आहे.”

राजा काहीतरी बोलला. तिला ऐकू आलं नाही. पण ‘झालंच नाही’ म्हणताना राजाचे ओठ कसे हलतात, ते तिनं तीनदा पाहिलं होतं.

“मी बहिरी झालेय, महाराज. तुमचं बोलणं आता माझ्यापर्यंत पोचत नाही. हंडा उघडा.”

 राजा उठला, कमरेची किल्ली काढली, तळघर उघडलं. हंड्यात तसंच सोनं. सोन्याखाली मातीचं एक ढेकूळ, त्यावर सात लहान पावलं उमटलेली. हौसानं राजाकडे पाहिलं, ‘तुम्ही उचला’ असं डोळ्यांनी म्हटलं. राजा एक पाऊल मागं सरला.

मग तिनंच उचललं. काय गेलं ते लगेच कळलं नाही. खांबापाशी राजानं छिन्नी घेतली, एक खाच पाडली, दुसरी पाडली, तिसरी पाडली. नगरातल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकदम पांढरे केस आले. न झालेली तिन्ही वर्षं आपापल्या अंगावर येऊन बसली. राजाची दाढी पिकली. हौसा काठी टेकत करंजाखाली आली, मान वर केली, तोंड उघडलं.

आवाज निघाला नाही.

पुन्हा उघडलं. वारासुद्धा निघाला नाही. झाडाखाली किड्यांचे गुडघाभर ढीग, त्यांना सडका वास. ढिगावर चार वीतभर लांबीचे, पाय आखडलेले. वर फांदीवर तीन राहिलेले, पंख थरथरणारे. त्यातला एक घसरला, पुन्हा चिकटला. हौसा मागं वळली आणि राजाच्या छातीवर तिनं दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. शिपाई धावले. राजानं हात वर करून त्यांना थांबवलं.

मग राजा करंजाकडे तोंड करून म्हणाला, “रंभाजी. उमाई. केरबा. सगुणा. धोंडी. बजा. शेवंता.”

सातही नावं त्याला पाठ होती. सतरा वर्षं पाठ होती.

त्यानं सातही नावं पुन्हा घेतली. मेलेल्या चारांचीही, न वगळता. तिसऱ्यांदा घेता घेता त्याचा आवाज फुटला. केरबा खाली पडला आणि माणूस झाला, उघडाबोडका, तेवीस वर्षांचा. मग सगुणा. बऱ्याच वेळानं शेवंता.

तिचे हातपाय मोठ्या बाईचे होते. भाषा सहा वर्षांच्या मुलीची. ती मातीत बसून म्हणाली, “आई.” हौसाची तिच्याकडे पाठ होती, ती ढिगातले चार गोळा करत होती. शेवंता पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली. मग तिला वाटलं, ही माझी आई नसावी, आणि ती रडू लागली. केरबानं हौसाला खांद्याला धरून वळवलं.

लेकीला विचारायचं होतं की एवढा उशीर का केलास. आईला सांगायचं होतं की माझं चुकलं. एक विचारत राहिली, दुसरीला ऐकू येईना. ऐकू आलं असतं तरी बोलता आलं नसतं. शेवटी शेवंतानं आईचा तळहात ओढून आपल्या बरगड्यांवर ठेवला. आत अजून गुणगुण चालू होती, किड्यांच्या पोटात असते तशी. हात तिथंच राहिला.

हंडा करंजाखाली परत पुरला गेला. शाप त्याच्याबरोबर उतरला. चौघांना राजानं स्वतः खांदा दिला. पुढे त्या राज्यात प्रत्येक सालाला खाच पडू लागली, बऱ्याला तशी वाईटाला. सतरसाल्यांच्या अगोदरच्या वर्षी दवंडी वेळेवर फिरू लागली. रोपांना फडकी बांधली गेली, लग्नं पुढं ढकलली गेली. कोणाचं पोर पुन्हा मातीत गेलं नाही. हौसा आणि शेवंता फुलं विकत. शेवंता भाव सांगे, हौसा माळा ओवी. संध्याकाळी शेजारणी येऊन बसत, पण शेवंताच्या आतली ती गुणगुण ऐकू आली की फार वेळ बसत नसत.

तर मंडळी, एवढं एक मागणं. हिशेब ठेवाल तो खरा ठेवा. ज्या दिवशी तुमच्या हातून चुकलं, तो दिवसही त्यात धरा.