कणकेची गोळी

“घटका अजून बुडत कशी नाही, बाबा?”

हेमगिरी घंगाळापाशी उकिडवा बसून विचारत होता. घंगाळातल्या पाण्यावर घटका मोजायची तांब्याची वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला बारीक भोक. त्यातून पाणी चढायचं, वाटी बुडायची, की हेमगिरी उठून काशाची थाळी ठणाठणा ठोकायचा. मठाची आरती, गावाच्या चुली, सगळं त्या थाळीवर.

“नसेल बुडायची अजून,” उत्तमगिरी बाबा म्हणाले.

मठाच्या खांबाआड आसऱ्याला बसलेल्या कौसाने श्वास रोखून धरला.

तिच्या मांडीवर भिवा झोपला होता. कितीतरी रात्री तापाने फणफणलेल्या पोराचा आज कुठे डोळा लागला होता. वैद्य बजावून गेले होते, “झोप लागली तर पोर तुझं. मोडू मात्र देऊ नकोस.”

उन्हं कलताना तिने हेमगिरीपुढे पदर पसरला होता. “बुवा, एवढी एक थाळी नका ठोकू.”

“थाळी कुणासाठी थांबत नाही, बाई. राजा आला तरी नाही.”

तेव्हापासून ती पोराच्या कानांवर हात धरून बसली होती. आता वाजेल, मग वाजेल... थाळी काही वाजली नाही.

दारात आरतीची माणसं खोळंबली होती.

“अहो बुवा, चांदणी उगवली की!” एक म्हातारा कुजबुजला.

“उगवू दे. वाटी बुडाली नाही, म्हणजे दिवस मावळला नाही!”

लोकांनी तोंडाला पदर, उपरणी लावून हसू दाबलं.

हेमगिरीला मात्र राहवेना. त्याने वाटी उचलली, समईच्या उजेडात धरली. भोकात कणकेची गोळी बसली होती.

“कुणाचं हे काम?”

बाबांनी बोट पुढे केलं. नखात कणीक वाळली होती.

“तुम्ही? अहो, देव ताटकळला तिकडे!”

“काही बोलला का?”

हेमगिरी रडवेल्या आवाजात म्हणाला, “पण बाबा, किती वेळ गेला, आता मोजायचा कसा?”

बाबा खांबाकडे बघत राहिले...

भिवाने अंग ताणलं. डोळे किलकिले केले.

“आये... भाकर.”

कौसाने त्याच्या कपाळाला हात लावला. घामेजलं होतं. गार होतं. पोराला छातीशी धरून तिने तिथूनच जमिनीला डोकं टेकलं. बाबांकडे एकदा, आणि कोण जाणे का, त्या वाटीकडेही एकदा.

हेमगिरी बघतच राहिला.

बाबांनी थाळीची मोगरी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“हं, ठोक आता. आज अगदी वेळेवर आहेस.”