वीराची काठी

फार फार जुनी गोष्ट. डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक लहानसं गाव होतं. तिथली कामकरी माणसं संध्याकाळी माळावर जमत आणि वाकड्या टोकाच्या काठ्यांनी चेंडू टोलवत. कुणी उंच, कुणी ठेंगणा. ज्याच्या हाताला जी बसेल, ती काठी तो रानातून तोडून आणी.

एकदा गावचा पाटील राजधानीला गेला. राजाच्या सर्वांत नावाजलेल्या वीराचा काठी-चेंडूचा खेळ पाहून त्याचे डोळे दिपले. परतल्यावर त्याने हुकूम काढला, की यापुढे प्रत्येकाने त्या वीरासारख्याच काठीने खेळायचं. सुताराने तशा काठ्या घडवल्या: लांब, जड, टोकाला लोखंडी पट्टी ठोकलेल्या. जुन्या काठ्या चुलीत गेल्या.

गावात एक विणकर होता, पन्नाशीला टेकलेला, अंगाने किरकोळ. नवी काठी त्याच्या छातीपर्यंत येई. ती वळवेपर्यंत चेंडू निघून जाई. हळूहळू त्याचं मनगट सुजलं आणि मागावर धोटा फेकणंही अवघड झालं. त्याचा जिवलग मित्र तेली तर माळावर यायचाच थांबला. आपलं वय झालं म्हणत तो ओसरीवर बसून राही. पाटीलही गावभर तेच सांगे, की काठी उत्तम आहे, माणसंच कुचकामी.

ते ऐकून विणकराच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मनगटाचं दुखणं त्याने सोसलं असतं. पण वाऱ्यासारखा धावणारा मित्र स्वतःला म्हातारा समजू लागला, हे त्याला सोसवेना.

जत्रेला तो वीर गावात आला. पाटील भर सभेत त्याला मानाचा फेटा बांधू लागला, तोच विणकर उठून पुढे गेला.

"महाराज, तुमची काठी निवडताना माप कुणाचं घेतलं होतं?"

"माझंच," वीर म्हणाला.

"मग आमचं माप कुणी घेतलं?"

पाटलाने त्याला दटावून खाली बसायला सांगितलं. विणकर बसला नाही.

"आम्ही दिवसभर राबतो, पाटील, आणि घटकाभर खेळतो. या वीराची काठी आमच्यावर लादून तेवढंही तुम्ही हिरावलंत, आणि वर आम्हालाच नावं ठेवलीत."

वीराने विणकराचं सुजलेलं मनगट पाहिलं, डोक्यावरचा अर्धवट बांधलेला फेटा उतरवून पाटलाच्या हाती दिला आणि सांगितलं, की माझ्या नावाने जिथे खेळ बंद पडला, तिथला मान मला नको.

दुसऱ्या दिवशी गाव रानात गेलं. तेल्याने आपल्या कमरेएवढ्या उंचीची, हलकी काठी तोडली आणि संध्याकाळी तो पुन्हा माळावर धावला. विणकराचं मनगट मात्र थंडीत दुखायचं ते कायमचंच. पाटील पुढे कधी माळाकडे फिरकला नाही.

तात्पर्य: काठी आपल्या हाताला बसेल तीच धरावी, थोरांच्या हातात शोभते म्हणून ती कुणी लादू नये, आणि कुणी लादून घेऊ नये.