ताटातली भेसळ

एका गुरुकुलात धान्याच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा शिकत होता. वय पंधरा. परीक्षा जवळ आली की त्याच्या पोटात कळा येत, खाल्लेले अंगी लागत नसे. वैद्यांनी नाडी पाहिली, पोट तपासले. रोग सापडला नाही. व्यापाऱ्याला मात्र चोर सापडला होता: गुरुकुलाच्या अन्नात कोणीतरी भेसळ करते. आयुष्यभर डाळीत खडे शोधणारा माणूस तो, त्याला दुसरे काय दिसणार? त्याने गुरुकुल गाठले आणि तडक स्वयंपाकघरात शिरला. तूप हुंगले, पीठ चिमटीत चोळले, पाण्याच्या हंड्यात डोकावला. स्वयंपाकीण भागीरथीबाई गप्प उभ्या राहिल्या, तर त्या गप्प का, याचाही त्याला संशय आला. यांना आजच काढा, नाहीतर मुलाला घेऊन जातो, असे त्याने वृद्ध आचार्यांना बजावले.

आचार्यांनी त्याला आधी जेवायला बसवले. त्याने पहिला घास उचलताच ते शांतपणे म्हणाले, "जेवण झाले की डोळे बांधून तुम्हाला डाळी ओळखायला देणार आहे. एक जरी चुकली, तरी उद्या पेठेत दवंडी पिटवीन."

व्यापारी हसला, पण घास घशाशी अडला. डोळ्यांपुढे सगळी पेठ उभी राहिली आणि पोटात गोळा आला. त्याने आमटीकडे रोखून पाहिले. बाईने काही कालवले तर नसेल?

"मीही त्याच भांड्यातले जेवतो आहे," आचार्य म्हणाले. "शेटजी, डाळींची परीक्षा नाहीच; पण मनात भय शिरले की जठराग्नी मंदावतो. त्या मुलाची कळ खरी आहे, सोंग नव्हे. तुम्ही येता तेव्हा तो जेवत असतो, आणि तुमचा पहिला प्रश्न असतो, 'कितवा आलास?' भेसळ होते ती तिथे."

व्यापारी ओशाळला. थोडा रागावलाही, कारण चोर पकडायला आलेल्याच्या हाती स्वतःचीच मानगूट लागली होती. भागीरथीबाईंना काढण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. तो उठून पंगतीत जेवत असलेल्या मुलाशेजारी बसला. बापाला पाहताच मुलाचा हात ताटातच थांबला. मान खाली घालून तो पुटपुटला, "बाबा, या वेळी चौथा आलो."

"मी विचारलं का?" व्यापाऱ्याने ताट त्याच्याकडे सरकवले. "जेव, बाळा."

मुलाने बापाकडे संशयाने पाहिले. बराच वेळ थांबूनही पुढचा प्रश्न आला नाही, तेव्हा कुठे त्याने घास तोंडात घातला.