कापशीची मांडी गेली

एक होती कापशी.
मांजरीचं पिल्लू. एवढंसं! पांढरं पांढरं, कापसाच्या बोळ्यासारखं.

कापशीची एक जागा होती. आईची मांडी. ऊबदार, मऊ मऊ. तिथे कापशी गोल व्हायची. घुर्र घुर्र करायची. झोपून जायची.

एक दिवस घरात बाळ आलं. बाळ एवढंसं, पण आवाज केवढा! ट्यँहँ! ट्यँहँ!
आणि बाळाने जागा कुठली घेतली? आईची मांडी!
दूध पिताना मांडीवर. ढेकर काढताना मांडीवर. गुटी चाटताना मांडीवर. रडताना तर मांडीवरच.
झालं! कापशीची मांडी गेली.

बाबा गेले कामावर. आजी राहते लांब. घरात आई, बाळ आणि कापशी. तिघं होती, तरी कुणालाच करमेना.
कापशीला एकटं एकटं वाटलं. ती उठली.

तुरुतुरु, तुरुतुरु. कापशी गेली आईकडे.
"आई आई, मांडी दे ना!"
आईचे केस विस्कटलेले. खांद्यावर दुधाचा डाग.
आई म्हणाली, "कशी देऊ ग कापशे? मांडीवर बाळ आहे. आधी बाळ झोपू दे."
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

तुरुतुरु, तुरुतुरु. कापशी गेली बाळाकडे.
"बाळा बाळा, झोप ना!
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"
बाळ म्हणालं, "ट्यँहँ! नाही झोपत जा! आधी झोळी हलू दे."

बाळाला पाळणा होता बरं का. नवा कोरा. चाकांचा. बटण दाबलं की गाणं म्हणणारा. पण बाळाला पाळणा बघितला की रडू यायचं. बाळाला हवी झोळी. आईच्या जुन्या साडीची.
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

तुरुतुरु, तुरुतुरु. कापशी गेली झोळीकडे.
"झोळी झोळी, हल ना!
बाळ झोपेना,
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"
झोळी म्हणाली, "कर्र कुर्र! नाही हलत जा! माझ्यात अंथरायला काही नाही. आधी दुपटं येऊ दे."
दुपटी होती पुष्कळ. पण बाळाने काय केलं? एक ओलं केलं. दुसरं ओलं केलं. सगळीच्या सगळी ओली केली. शाब्बास रे बाळा!
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

तुरुतुरु, तुरुतुरु. कापशी गेली गॅलरीत. दोरीवर दुपटं लोंबत होतं.
"दुपट्या दुपट्या, ये ना!
झोळी हलेना,
बाळ झोपेना,
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"
दुपटं म्हणालं, "टप टप! नाही येत जा! मी ओलंचिंब. मला थंडी वाजते. आधी ऊन येऊ दे."
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

तुरुतुरु, तुरुतुरु. कापशी गेली कठड्याशी. ऊन बाहेरच थांबलं होतं.
"उन्हा उन्हा, ये ना!
दुपटं वाळेना,
झोळी हलेना,
बाळ झोपेना,
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"
ऊन म्हणालं, "कसं येऊ ग? मधे चादर आडवी आली. आधी चादर सरकू दे."
कापशीने वर पाहिलं. वरच्या गॅलरीतून एक चादर लोंबत होती. लांबच लांब. निळी निळी.
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

टुण! कापशी चढली कठड्याशेजारच्या कुंडीवर. मान केली वर.
"चादरबाई, चादरबाई, सरका ना!
ऊन येईना,
दुपटं वाळेना,
झोळी हलेना,
बाळ झोपेना,
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"
चादर म्हणाली, "फडफड! नाही सरकत जा! मला चिमट्यांनी धरलंय. आधी वेणूकाकू येऊ देत."
कापशीचे कान खाली. शेपटी खाली. म्याँव.

वेणूकाकू कोण? वरच्या मजल्यावरच्या. त्यांचा मुलगा परगावी. घरात त्या एकट्या. त्या रोज तीच चादर धुवायच्या आणि रोज वाळत घालायच्या. दुसरं करायला काही नव्हतं ना!

टुण टुण, टुण टुण. कापशी जिना चढली. एवढीशी कापशी, एवढाल्या पायऱ्या!
वेणूकाकूंचं दार अर्धं उघडं होतं. काकू खुर्चीत बसल्या होत्या. घड्याळ म्हणत होतं, टिक टिक, टिक टिक. दुसरं कुणीच काही म्हणत नव्हतं.
टेबलावर एक गाठोडं होतं. त्यात टोपडं. त्यात झबलं. त्यात आळिवाचे लाडू. बाळाला आणि आईला द्यायचा बाळंतविडा! केव्हाचा बांधून तयार.

"काकू काकू, या ना!
चादर सरकेना,
ऊन येईना,
दुपटं वाळेना,
झोळी हलेना,
बाळ झोपेना,
आई मांडी देईना.
कापशीने जावं कुठे?"

काकू म्हणाल्या, "येईन ग बाई. मला का यायचं नाही? पण बारशाचं बोलावणं आलं नाही. न बोलावता कशी येऊ? बरं दिसेल का? आधी मला कुणी बोलावू दे."

आणि खाली आईला काय वाटत होतं, माहीत आहे?
आईला सांगितलं होतं, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही. मग बोलवायला जाणार कशी? कुणी आपणहून आलं तर किती बरं!
काकू वर वाट बघत होत्या. आई खाली वाट बघत होती. मधे फक्त एक जिना. रिकामा जिना.

कापशीने या वेळी कान खाली केले नाहीत. शेपटी केली उभी.
"मी आले ना बोलवायला! म्याँव!"

काकूंनी चष्मा वर केला. कापशीकडे पाहिलं. आणि हसल्या.
"अगं बाई! मांजरीचं बोलावणं! बरं, बोलावणं ते बोलावणं."

मग काय झालं?
काकू उठल्या. चिमटे काढले, टक टक!
चादर सरकली, सर्रर्र!
ऊन आलं, लखलख!
ऊन दुपट्यावर बसलं. चांगलं मांडी घालून बसलं.

काकू जिना उतरल्या. हातात गाठोडं. पुढे कापशी, तुरुतुरु, तुरुतुरु.
आईने दार उघडलं. बघतच राहिली.
"काकू! या ना! मला वाटलं, इथं कुणी कुणाकडे जातच नाही."
"आणि मला वाटलं, तुम्हा नव्या मुलींना म्हातारं माणूस नकोच असतं."
दोघी हसल्या. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं.
काकूंनी बाळ घेतलं. टोपडं घातलं. म्हणाल्या, "पोरी, तू आधी जेव."
आई जेवली. बसून जेवली. गरम गरम भात! वर आळिवाचा लाडू.

तोवर दुपटं वाळलं.
दुपटं आलं, झोळी हलली, कर्र कुर्र, कर्र कुर्र.
झोळी हलली, बाळ झोपलं. ट्यँ... हँ... गप्प!
बाळ झोपलं, आईची मांडी मोकळी झाली.
आणि कापशीने काय केलं?
टुणकन उडी मारली! मांडीवर गोल झाली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
मिळाली! कापशीला मांडी मिळाली!

पण आईची मान डुलायला लागली. इकडे डुलली. तिकडे डुलली. आईला किती किती झोप आली होती!
कापशीने एक डोळा उघडला.
"काकू काकू, आईला मांडी द्या ना!"

काकू "नाही देत जा" म्हणाल्या नाहीत. काकू "आधी" पण म्हणाल्या नाहीत. काकूंनी पदर सारखा केला आणि मांडी थोपटली.
"ये ग पोरी."

आई आडवी झाली. आईचं डोकं काकूंच्या मांडीवर. कापशी आईच्या कुशीत. बाळ झोळीत.
सगळे झोपले. काकू तेवढ्या जाग्या राहिल्या. हातात झोळीची दोरी. कर्र कुर्र, कर्र कुर्र.
कुणीतरी जागं असलं ना, की आईलासुद्धा झोपता येतं.

गोष्ट निजली झोळीत, आता तू नीज माझ्या कुशीत.